चाळीस चित्रे

सोमवार, दिनांक ७ फेब्रुवारी २०३९. वेळ सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. चाळीस चित्रांपैकी सव्वीस.

पुण्यातील एका मेंदू-शल्यकेंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर, आवाजबंद अशा लहानशा खोलीत, भूलक्ष्मी गुंटूक हिची तेलुगू भाषेची चाचणी नुकतीच संपली होती. तीच चाळीस चित्रे तिने त्याआधी मराठीत ओळखली होती आणि तेथे तिची एकही चूक झाली नव्हती. सोलापूर महापालिकेच्या शाळेत तीस वर्षे तिसरीच्या वर्गाला मराठी शिकवलेल्या बाईला कात्री आणि शिडी यांची नावे सांगणे अवघड नव्हतेच. ती अडखळली होती मातृभाषेत.

भाषापरीक्षक अनुराधा राव मूळच्या विजयवाड्याच्या; पुण्यात बरीच वर्षे काढल्यामुळे मराठी उत्तम बोलत. त्यांनी पडद्यावर एक चित्र पुन्हा आणले.

“हे काय आहे, अम्मा?”

“छत्री.”

“हे मराठी झालं. तेलुगूत सांगा.”

“तेलुगूतच सांगितलं की!”

“तेलुगूत गोडुगु म्हणतात.”

“तुमच्याकडं म्हणत असतील. आमच्या पूर्व भागात पाऊस आला की सगळे छत्रीच उघडतात.”

अनुराधाबाई हसल्या, पण त्यांच्या बोटाने चुकीच्या रकान्यात खूण केलीच. मागच्या खुर्चीत बसलेले भूलक्ष्मीचे पती अंबादास गुंटूक मात्र हसले नाहीत. त्यांच्या कानशिलांपर्यंत लाली चढली होती. तंत्रनिकेतनातून वस्त्रनिर्मितीची पदविका घेऊन त्यांनी सोलापुरातल्या टॉवेलच्या कारखान्यात चौतीस वर्षे गुणवत्ता-तपासणीचे काम केले होते. आपल्या घरचा माल कोणी नापास केला, असा प्रसंग त्यांच्यावर प्रथमच आला होता.

सोलापूरच्या पूर्व भागातील पद्मशाली विणकरांचे पूर्वज तेलंगणातून आले, त्याला चार-पाच पिढ्या झाल्या. घरात ते तेलुगू बोलतात. पण त्या तेलुगूचा उभा धागाच तेवढा मूळचा राहिला आहे. आडवा धागा सोलापूरच्या बाजारपेठेतला. ‘कुलूप लावलंस का?’ हे त्या घरांत ‘कुलूप एसिनवा?’ असे विचारले जाते. कुलूप मराठी, लावणे तेलुगू. बोलणाऱ्याला त्यात जोड कोठे आहे हे दिसत नाही. जोड दिसतो तो फक्त परक्या माणसासमोर, आणि तो दिसला की लाज वाटते.

*

शल्यविशारद डॉ. मृण्मयी केळुसकर यांनी दुपारी दोघांना आपल्या खोलीत बसवून घेतले. भूलक्ष्मीच्या मेंदूच्या डाव्या बाजूस, कानाच्या वरच्या भागात सुपारीएवढी गाठ होती. डिसेंबरात चहा गाळताना तिचा उजवा हात थरथरू लागला आणि ती शुद्ध हरपून पडली, तेव्हा ही गाठ सापडली.

“गाठ काढणं कठीण नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “कठीण आहे ती गाठीबाहेरची वस्ती. या जातीच्या गाठीच्या पेशी जागेवर बसत नाहीत. मेंदूतल्या पांढऱ्या तंतूंच्या कडेकडेनं त्या सरकत राहतात. साध्या एमआरआयमध्ये गाठ दिसते, भोवतीची सूज दिसते. पण सुजेत नुसतं पाणी किती आणि पेशी किती, हे कळत नाही. म्हणून पूर्वी आम्ही दिसेल तेवढं काढायचो, आणि राहिलेलं वर्षभरात परत यायचं.”

त्यानंतर त्यांनी पाझरनकाशाची माहिती दिली. पाण्याचा प्रत्येक रेणू अखंड भटकत असतो. मोकळ्या पाण्यात तो कोणत्याही दिशेला सारखाच जातो. परंतु तंतूंच्या जुडग्यात अडकलेले पाणी तंतूच्या लांबीच्या दिशेने सहज सरकते आणि आडवे जाताना भिंतीला धडकते. चुंबकीय क्षेत्राचा उतार निरनिराळ्या दिशांना बदलत ही हालचाल मोजली, की मेंदूच्या कणाकणात तंतू कोणत्या दिशेने जातो ते समजते. शिवाय पेशीच्या आत कोंडलेल्या पाण्याची चाल आणि पेशींबाहेर साठलेल्या पाण्याची चाल यांत फरक असतो. पुरेशा दिशांनी आणि पुरेशा जोराने मोजल्यास साधी सूज आणि घुसखोर पेशी वेगळ्या काढता येतात. गेल्या सहा-सात वर्षांत हे मोजमाप इतके बारीक झाले होते, की गाठीच्या पेशी कोणत्या तंतूच्या आधाराने किती पुढे पोहोचल्या आहेत, हे कणाकणाला टक्केवारीने सांगता येऊ लागले होते.

“म्हणजे आमची शोषण-चाचणी,” अंबादास म्हणाले. “सुताची लडी रंगाच्या पाण्यात उभी धरली की रंग धाग्याधाग्यानं वर चढतो. कुठवर चढला ते बघून सुताची जात कळते.”

“बरोबर. फक्त इथे रंग डोळ्यांना दिसत नाही, आणि तो चढायचा थांबत नाही.”

“यांना काहीही सांगा, ते टॉवेलवरच येणार,” भूलक्ष्मी म्हणाली. “माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या पदराचं सूत मोजलं होतं यांनी, डॉक्टर.”

“खोटं बोलते. काठाचं मोजलं होतं.”

डॉक्टर हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. नकाशाच्या आधारे गाठीच्या दिसणाऱ्या सीमेपलीकडे जाऊन घुसखोर तंतूही काढता येतात. नुसती गाठ काढली, तर अशा रुग्णांना सरासरी सोळा महिने मिळतात. सीमेपलीकडे गेल्यास साडेचार वर्षे. मात्र त्या तंतूंमधूनच माणूस बोलतो. म्हणून रुग्ण यंत्रात असताना त्याच्याकडून शब्द बोलवून घेतात. जे तंतू त्या शब्दांसाठी वापरले जातात ते नकाशावर राखीव ठरतात. उरलेल्यांपैकी ज्यांत पेशी शिरल्या आहेत ते काढायचे. शस्त्रक्रिया रुग्ण जागा असतानाच होते आणि तीच चित्रे पुन्हा दाखवली जातात.

“पण आधीची पातळी चाळीसपैकी चौतीस तरी हवी, नाहीतर नुसती गाठच काढता येईल. सव्वीसवर मी आत गेले, तर चुकलेला शब्द गाठीमुळे चुकला की माझ्या हातामुळे, हे मला कळणार कसं? कदाचित गाठीनं यांची तेलुगू आधीच खाल्ली असेल.”

“तसं नाही, डॉक्टर. आमची तेलुगू मुळातच जरा...” अंबादास थांबले.

“जरा काय?”

“घरगुती आहे.”

अनुराधाबाई म्हणाल्या, “सोलापूरच्या बोलीची वेगळी यादी करता येईल. पण ती आधी वीस निरोगी माणसांवर ताडून घ्यावी लागते. तीन महिने तरी जातील.”

“तीन महिने यांच्याकडे नाहीत,” डॉक्टर म्हणाल्या. “दोन आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेऊ. कधी कधी पहिल्या दिवशी माणूस घाबरतो. आणि काका, एक लक्षात ठेवा. घरी सराव करून घेऊ नका. त्या जशा बोलतात तशाच बोलू देत.”

“हो,” अंबादास म्हणाले.

*

कारखान्यात परदेशी खरेदीदाराचा तपासनीस येणार असला, की आदल्या दिवशी सर्वोत्तम ताका, म्हणजे कापडाची सलग घडी, गठ्ठ्याच्या वर ठेवण्याची रीत होती. यात फसवणूक आहे असे कोणालाही वाटत नसे. खालचा मालही चांगलाच असे. पण तपासनीसाला सोलापूरच्या मालाची पारख नसते, म्हणून त्याला समजेल असा ताका वर ठेवायचा. अंबादासांनी हे चौतीस वर्षे केले होते. परतीच्या रिक्षातच त्यांनी ठरवून टाकले.

हडपसरला त्यांची एकुलती मुलगी श्रावणी राहत असे. तिला तिसरा महिना चालू होता. तिच्या बैठकीच्या खोलीत दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ वर्ग भरू लागला. विद्यार्थिनी होती निवृत्त शिक्षिका, आणि मास्तर निवृत्त तपासनीस.

“उशी?”

“दिंडु.”

“शिडी?”

“निच्चेन. ओ इन्स्पेक्टरसाब, मला आता इस्त्री करून घडी घालून ठेवा, म्हणजे सुरकुती पडायला नको.”

‘इन्स्पेक्टरसाब’ हे तिने लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात ठेवलेले नाव. अंबादास भाजीच्या जुड्या उजेडात धरून पाहत, दाराचे कुलूप दोनदा ओढून पाहत. तरीही बाहेर पडताना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून ती हमखास विचारी, “इन्स्पेक्टरसाब, कुलूप एसिनवा?” पस्तीस वर्षांत हा प्रश्न चुकला नव्हता, आणि त्यातला टोमणाही.

“नाना, डॉक्टरांनी सराव नको सांगितलंय ना?” श्रावणी म्हणाली. “ही चाचणी आहे, परीक्षा नव्हे.”

“गुण मोजतात म्हणजे परीक्षाच.”

“पण अम्मा जन्मात कधी निच्चेन म्हणाली नाही.”

“मग आता म्हणेल. आठ गुण कमी पडताहेत, पोरी. आठ शब्दांसाठी तिची तीन वर्षं घालवू?”

उत्तर दिले ते भूलक्ष्मीने. ती हातातली चित्रे खाली ठेवून म्हणाली, “हिशोब मीही केलाय. ऑगस्टात बाळ येणार. मूल आजीला नीट अम्मम्मा म्हणायला दीड वर्ष घेतं. सोळा महिन्यांत माझं काय होतं? दारात उभं राहून परत जायचं.” मग मुलीकडे वळून नेहमीच्या सुरात, “बुव्वा तिन्नवा?”

‘जेवलीस का’ असा त्याचा साधा अर्थ. परंतु ‘बुव्वा’ हा भात लहान मुलांच्या तोंडचा. मोठ्या झालेल्या मुलीला तो विचारला जातो, तेव्हा तिच्या वयाची सगळी वर्षे त्यातून वजा झालेली असतात. श्रावणीला ती शिकायला पुण्याला आल्यापासून रोज संध्याकाळी फोनवर हा प्रश्न येत असे.

“तिन्न,” ती म्हणाली, आणि उरलेली चित्रे स्वतःच उचलून आईपुढे धरू लागली.

*

दुसऱ्या चाचणीत भूलक्ष्मीला चाळीसपैकी अडतीस गुण मिळाले. अनुराधाबाईंनी चष्मा वर करून विचारले, “इतका फरक?”

“त्या दिवशी घाबरली होती,” अंबादास म्हणाले.

डॉ. केळुसकरांच्या चेहऱ्यावरही सुटकेची भावना स्पष्ट दिसली. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही.

यंत्रातील तपासणी दोन तास चालली. भूलक्ष्मीने कानांवर जाड आवाजरोधक चढवून, यंत्राच्या ठोक्यांच्या गदारोळात, आधी मराठी आणि मग तेलुगू शब्द उच्चारले. सायंकाळी मोठ्या पडद्यावर तिचा मेंदू उलगडला. मराठीचे तंतू निळे, तेलुगूचे पिवळे; गाठ लाल आणि तिचा पाझर फिकट होत जाणारा तांबूस. पाझर मुख्यतः एकाच दिशेने सरकला होता. निळ्या आणि पिवळ्या जुडग्यांच्या मधून खोलवर जाणारा करड्या रंगाचा एक जाड पट्टा होता. त्याच्या कडेने तांबडा रंग लांबवर चढला होता.

“आपलं नशीब चांगलं आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “दोन्ही भाषा पाझरापासून दूर आहेत. आणि पाझर शिरलाय तो हा करडा पट्टा मोकळा आहे. तो पूर्ण काढता येईल.”

“मोकळा? माझ्या डोक्यात मोकळी जागा?” भूलक्ष्मी म्हणाली. “तीस वर्षं पोरं मागच्या बाकावर हेच कुजबुजायची.”

सगळे हसले. अंबादासांनी विचारले, “मोकळा म्हणजे तिथे काहीच नाही?”

“चाचणीत तिथे काही उमटलं नाही.”

हे आपल्या प्रश्नाचे उत्तर नव्हे, हे अंबादासांच्या लक्षात आले. नमुन्यात दोष सापडला नाही आणि मालात दोष नाही, या दोन विधानांतले अंतर त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार? इतका जाड पट्टा शरीर उगाच बाळगत नाही, एवढेही त्यांना कळत होते. परंतु साडेचार हा आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्यांनी पुढे काही विचारले नाही.

*

शस्त्रक्रिया मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाली. जागेपणी मेंदूवर काम चालले असता रुग्णाला धीर राहावा, म्हणून घरच्या एका माणसाला काचेपलीकडच्या खोलीत बसू देत. तेथे बोलण्याचे यंत्र असे. श्रावणीला त्या अवस्थेत आत बसवणे योग्य नव्हते. अंबादास एकटेच बसले. त्यांना निळ्या कापडांची रास दिसत होती आणि कडेला पत्नीचा अर्धा चेहरा. मेंदूला स्वतःला वेदना नसतात, त्वचा बधिर केली होती. तिचा आवाज किंचित जड पण स्वच्छ येत होता.

गाठ दुपारपूर्वीच निघाली. मग डॉक्टर सीमेपलीकडे वळल्या. पद्धत अशी होती, की काढण्याआधी त्या जागी सौम्य वीजप्रवाह द्यायचा. प्रवाह असेपर्यंत तेथील तंतू काम करीत नाहीत. बोलणे बिघडले तर जागा सोडायची, न बिघडले तर काढायची.

“गोडुगु. दुव्वेन. कत्तेर.” छत्री, फणी, कात्री. शब्द एकामागून एक बिनचूक येत होते. चित्रे बदलताना मध्ये क्षणभर उसंत मिळाली तेव्हा भूलक्ष्मीने डोळे काचेकडे वळवले.

“इन्स्पेक्टरसाब, कुलूप एसिनवा?”

अंबादासांना हसू फुटले. त्यांनी कळ दाबून उत्तर दिले, “एसिन. दोनदा ओढून बघितलं.”

“वा! एकदा तरी...”

डॉक्टरांनी करड्या पट्ट्यावर विजेचे टोक टेकवले.

“एकदा तरी... इन्स्पे... कुलूप...” भूलक्ष्मी थांबली. तिच्या कपाळावर आठी उमटली. “कुलूप... कुलूप...”

पुढचे क्रियापद आले नाही. अंबादास खुर्चीतून अर्धवट उठले. तिच्या ओठांची हालचाल त्यांना दिसत होती. घरच्या जिन्याची तिसरी पायरी जणू तिच्या पायाखालून नाहीशी झाली होती आणि ती पायाने चाचपत होती.

अनुराधाबाईंनी पुढचे चित्र लावले. शिडी.

“निच्चेन,” भूलक्ष्मी तत्काळ म्हणाली. मराठीत विचारल्यावर, “शिडी.”

“यादीत अडथळा नाही,” अनुराधाबाई म्हणाल्या. “पण मघाचं वाक्य मला समजलं नाही. ना धड तेलुगू, ना मराठी.”

“मलाही नाही.” डॉ. केळुसकरांचा हात थांबला. ध्वनिवर्धकातून त्यांचा आवाज आला. “काका, त्या काय म्हणत होत्या? अडल्या का त्या?”

अंबादासांचे बोट कळीवर होते. सत्य सांगायचे, तर सगळेच सांगावे लागणार होते: सराव, हडपसरची ती बैठकीची खोली, वर ठेवलेला ताका. मग नकाशावरचा भरवसा संपला असता. डॉक्टरांनी तो पट्टा सोडला असता आणि जखम बंद केली असती. पट्ट्याच्या कडेने चढणारा तांबडा रंग आत तसाच राहिला असता. सोळा महिने. बाळ अम्मम्मा म्हणायला लागण्यापूर्वीच संपणारे.

एका बाजूला ती होती. दुसऱ्या बाजूलाही तीच होती.

“काका?”

“काही नाही, डॉक्टर,” अंबादास म्हणाले. “घरचंच बोलणं. महत्त्वाचं नाही.”

“यादीतलं नाही ना?”

“नाही.”

“मग मी पुढे जाते.”

*

चौथ्या दिवशी भूलक्ष्मी उठून बसली. उजव्या हाताची पकड शाबूत होती. श्रावणी डबा घेऊन आली, तेव्हा तिने मुलीकडे पाहून सौम्य स्मित केले आणि विचारले, “भोजनं चेशारा?”

‘आपले भोजन झाले का?’ लग्नाच्या पंगतीत व्याह्यांना विचारावे तसे, शुद्ध आणि आदरार्थी तेलुगू. श्रावणीला खो खो हसू आले.

“अम्मा! बातम्या देतेस की काय?”

भूलक्ष्मी हसली नाही. हसण्यासारखे काय घडले, हे शोधत ती मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. श्रावणीचे हसू हळूहळू ओसरले. तिने डबा खाली ठेवला आणि बापाकडे वळून पाहिले.

ते थकव्यामुळे असेल, असे सर्वांनी मानले. सोलापूरला परतल्यावर तसे मानणे कठीण झाले. भूलक्ष्मी वर्तमानपत्र वाचत असे, बँकेतील व्यवहार पाहत असे, शेजारच्या मुलांना व्याकरण समजावून देत असे. पतीशी ती मराठीत बोले, आणि ती मराठी तिच्या शाळेतली होती: पालकसभेत पालकांशी बोलावी तशी. “आपण औषध घेतले का? आपण विश्रांती घ्यावी.” अंबादास तेलुगूत बोलू लागले, तर ती लक्षपूर्वक ऐके, नामे कळत, क्रियापदे कळत, पण दोन्ही एकत्र आली की ती दोन अनोळखी माणसांकडे आळीपाळीने पाहावे तशी गोंधळे.

अंबादासांनी एकदा मुद्दाम दाराला कुलूप न लावता जिना उतरायला सुरुवात केली. तिसऱ्या पायरीवर ते थांबले. मागून भूलक्ष्मी उतरत आली, थांबली, आणि त्यांना वाट देण्यासाठी नम्रपणे भिंतीला टेकून उभी राहिली.

मे महिन्याच्या तपासणीला त्यांनी डॉ. केळुसकरांना सर्व काही सांगितले. डॉक्टरांनी जुना नकाशा पुन्हा पडद्यावर आणला.

“पाठ केलेले शब्द माणूस जाणीवपूर्वक शोधून बोलतो,” त्या म्हणाल्या. “त्यांची वाट वेगळी. लहानपणापासूनचं विनासायास बोलणं, चिडवणं, रागावणं, लाड करणं, हे सगळं वेगळ्या, जुन्या वाटेनं चालतं. आपण त्यांना दोन भाषा विचारल्या. त्यांची खरी भाषा तिसरी होती, आणि ती कोणी विचारलीच नाही. यंत्राच्या लेखी जे विचारलं नाही ते नसतंच.”

“तुम्ही मला विचारलं होतं. काचेपलीकडे.”

“विचारलं होतं.” डॉक्टर त्यांच्याकडे न पाहता म्हणाल्या, “आणि तुम्ही ‘नाही’ म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं होतं. पट्टा काढायला मिळाला म्हणून.”

“परत येईल?”

“तंतू परत येत नाहीत, काका.”

त्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ. अंबादासांच्या हातून दुधाचे पातेले उतू गेले. ओटा, शेगडी, जमीन, सगळीकडे दूध. पूर्वी यावर तासभर तोंडाचा पट्टा चालला असता, आणि त्यात अंबादासांच्या तीन पिढ्या आल्या असत्या. भूलक्ष्मी दारात येऊन उभी राहिली. तिचा श्वास वाढला, हाताच्या मुठी वळल्या, ओठ उघडले.

“मला आपल्यावर रागवायचे आहे,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. “परंतु शब्द सापडत नाहीत.”

“मी सांगू? मी म्हणतो, तू माझ्या मागून म्हण,” अंबादास म्हणाले, आणि स्वतःलाच द्यायच्या शिव्या ते तेलुगूत एकेक करून उच्चारू लागले. तिने दोन-तीन शब्द म्हटले. शुद्ध उच्चारात, धडा वाचावा तसे. मग ती थांबली आणि फडके आणायला गेली.

*

श्रावणीला ऑगस्टात मुलगी झाली. सोळा महिन्यांची मुदत पुढच्या वर्षी जुलैत उलटून गेली. भूलक्ष्मीची प्रकृती उत्तम होती.

नोव्हेंबर २०४० मध्ये वार्षिक तपासणीसाठी सर्वजण पुण्याला त्या केंद्रात आले. प्रतीक्षाकक्षात श्रावणीने सव्वा वर्षाच्या पोरीला आजीच्या मांडीवर ठेवले. मुलीला नुकते शब्द फुटू लागले होते. तिला भूक लागली होती. तिने आजीच्या हनुवटीला हात लावला आणि म्हणाली, “बुव्वा.”

भूलक्ष्मीने तिच्याकडे पाहिले.

“बुव्वा,” मूल पुन्हा म्हणाले, आणि तोंड उघडून वाट पाहू लागले.

“हा शब्द कोणत्या भाषेतील आहे?” भूलक्ष्मीने विचारले.

श्रावणी उठून खिडकीकडे गेली. पाठ फिरवून ती तेथेच उभी राहिली.

“आपल्या,” अंबादास म्हणाले.

“त्याचा अर्थ काय?”

अंबादासांनी अर्थ सांगितला. भूलक्ष्मीने मान हलवली, एकदा मनात घोकल्यासारखा तो शब्द ओठांतल्या ओठांत उच्चारला आणि पिशवीतून मऊ भाताचा डबा काढून नातीला काळजीपूर्वक भरवू लागली. मूल जेवत होते. आजी प्रत्येक घासाला “घ्यावे” असे म्हणत होती.

आतून अनुराधाबाईंनी नाव पुकारले. पाझरनकाशाचा निकाल आधीच आला होता: घुसखोर पेशींचे प्रमाण कोठेही मोजण्यायोग्य नाही. आता केवळ भाषेची चाचणी उरली होती. भूलक्ष्मीने नातीचे तोंड पुसले, पदर नीट केला आणि ती आत जाऊन बसली. पहिले चित्र छत्रीचे होते. काचेच्या दारातून अंबादासांना तिचा स्वच्छ, स्पष्ट आवाज ऐकू येत होता. कोठेही अडखळणे नव्हते.

मराठी : चाळीसपैकी चाळीस. तेलुगू : चाळीसपैकी चाळीस.